सत्यशीलाबाईंचा बिबट्या

पुण्यात स्वस्त घर शोधायची सत्यशीला गजभिये यांची एक पद्धत होती, आणि ती त्यांना रिक्षावाल्यांनी शिकवली होती. स्टँडवर उभं राहायचं आणि एखाद्या भागाचं नाव घ्यायचं. रिक्षावाल्यानं मुकाट मीटर टाकलं, तर तो भाग आपल्याला परवडत नाही. 'हाफ रिटर्न पडेल', म्हणजे परतीचं अर्धं भाडंही, असं म्हणाला, तर ओढूनताणून परवडेल. नुसतंच तोंड फिरवलं, तर आशेला जागा आहे. आणि 'ते कुठं आलं?' असं त्यानंच उलट विचारलं, की सत्यशीलाबाई पदर खोचून चालायला लागायच्या. आपलं घर तिथंच असणार, याबद्दल त्यांना मग शंका उरायची नाही.

ही विद्या त्यांना सुखासुखी मिळाली नव्हती. त्या मूळच्या भंडाऱ्याच्या. देशात परदेशी कंपन्यांना दारं उघडली त्या सुमाराला टेलिफोन खात्यानं त्यांची पुण्याला बदली केली. यजमान दशरथराव पाठोपाठ आले आणि नगर रस्त्यावरच्या एका कारखान्यात लागले. ऑफिस बुधवार पेठेजवळ, म्हणून आधी जवळपासच खोली बघायला सुरुवात झाली. खोली दाखवायच्या आधी मालक चार प्रश्न विचारत, आणि पहिल्याच प्रश्नाला गाडी अडायची.

"आडनाव?"

"गजभिये."

"म्हणजे कुठले?"

"भंडाऱ्याचे जी."

"गाव नाही विचारलं. म्हणजे आपण कोण?"

"मी टेलिफोन ऑपरेटर आहे. हे कारखान्यात आहेत."

"वा. म्हणजे आमचा फोन लवकर लागेल," असं म्हणून मालक फार गोड हसायचे, चहासुद्धा द्यायचे, आणि दोन दिवसांनी निरोप यायचा की खोली देता येत नाही, आमचा पुतण्या शिकायला येतोय.

पहिल्या पुतण्याचं त्यांना काही वाटलं नाही. दुसऱ्याला त्यांनी मनातल्या मनात शुभेच्छाही दिल्या. पुढे पुढे मात्र पुतण्यांची रांगच लागली. हे सगळे पुतणे खरोखर पुण्यात आले असते, तर त्यांनाच राहायला जागा मिळाली नसती. सत्यशीलाबाई हे हसून सांगत, पण राग यायचा. इतका यायचा की रात्रीची भाकरी करपायची.

शेवटी एकदा वैतागून त्यांनी एका रिक्षावाल्याला विचारलं, की बाबा, पुण्यात तुला सगळ्यात नकोसा भाग कुठला? त्यानं क्षणाचाही विचार न करता हात पूर्वेला केला आणि म्हणाला, "चंदननगरला सोन्याची माडी दिली तरी जाणार नाही." सत्यशीलाबाई त्याच संध्याकाळी तिकडे चालत गेल्या आणि खोली ठरवून आल्या. गिऱ्हाईकच नसल्यामुळे तिथल्या मालकाचा पुतण्या अजून जन्माला यायचा होता.

आता इथंच गोष्ट संपायची. पण सत्यशीलाबाईंना एक खोड होती. दिवसभर कानाला यंत्र लावून दुसऱ्यांची बोलणी जोडून द्यायची, त्यामुळे स्वतःचं बोलणं पोटात साठून राहायचं. मधल्या सुट्टीत डबा उघडला की ते बाहेर पडायचं. भाडं किती कमी, हवा किती मोकळी, भाजी कशी ताजी, हे त्यांनी इतकं रंगवून सांगितलं की वर्षभरात अर्धं ऑफिस चंदननगरला राहायला आलं. भाडी चढली. आणि एके दिवशी मालकांनी जिना चढून येऊन सांगितलं, की वहिनी, काय सांगू, माझा पुतण्या येतोय.

मग खराडी. तिथं तेव्हा ज्वारी होती, विहिरी होत्या, आणि रिक्षावाला 'ते कुठं आलं?' म्हणाला होता. दशरथरावांनी सामान उतरवतानाच बजावलं, की आता कोणापाशी बोलायचं नाही. सत्यशीलाबाई आठ दिवस बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी डब्यात खराडीची वांगी होती, आणि वांग्याची भाजी न बोलता कशी वाढणार? हेडक्लार्क रावसाहेबांनी भाजी चाखली, वांगी कुठली ते विचारलं, आणि पुढच्या महिन्यात तिथं प्लॉट घेतला. पुढं काही वर्षांत खराडीला आयटी पार्क आलं, काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि ज्या रस्त्यावर म्हशी बसायच्या तिथं गळ्यात ओळखपत्रं घातलेली पोरं कॉफी प्यायला लागली. ते काही सत्यशीलाबाईंच्या वांग्यामुळे झालं नाही, पण दशरथरावांना हे पटवणं कठीण होतं.

या घरबदलात दशरथरावांनी एक नियम करून टाकला होता. एक मोठी ट्रंक ते कुठल्याच घरात उघडत नसत. "पुन्हा बांधायचंच आहे, तर सोडायचं काहून?" असं त्यांचं म्हणणं. आणि दुसरा नियम घरमालकांचा होता: भिंतीला खिळा मारायचा नाही. त्यामुळे बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर कधी ट्रंकेवर, कधी फळीवर, भिंतीला टेकून उभी असायची. मुलगी पूर्वा लहानाची मोठी झाली ती तसबीर पुसताना एका हातानं धरून ठेवायची सवय लागूनच. भिंतीवर टांगलेली तसबीर तिनं फक्त विहारात पाहिली होती.

खराडीच्या मालकांचा पुतण्या एकदम अमेरिकेहून निघाला, तेव्हा सत्यशीलाबाई हडपसरच्या गाडीतळावर जाऊन उभ्या राहिल्या. कचरू नावाचा रिक्षावाला विडी ओढत बसला होता. त्यांनी मांजरीच्या पुढचा, नदीकडचा भाग सांगितला.

"तिकडं?" कचरू म्हणाला. "तिकडं कोन ऱ्हातंय, बाई? ऊस ऱ्हातोय."

त्याचं वाक्य संपायच्या आत सत्यशीलाबाई रिक्षात बसल्या होत्या. जाताजाता म्हणाल्या, "दोन्हीकडचं भाडं घे, पण चल."

उसाच्या कडेला सुंदराबाईंचं घर होतं. सत्तरीच्या विधवा बाई, कपाळभर आठ्या, हातात विळा. शेजारच्या दोन खोल्या भाड्यानं द्यायच्या होत्या. सत्यशीलाबाईंनी नेहमीच्या प्रश्नांची मनात उजळणी केली. सुंदराबाईंनी विचारलं, "मान्सं किती?"

"तिघं जी."

"पानी सकाळचं भरून ठिवायचं. कुत्रं भुकतंय, चावत न्हाय."

मुलाखत संपली. सत्यशीलाबाईंना राहवेना. त्यांनीच विचारलं, "आडनाव नाही विचारलंत?"

"हाक काय आडनावानं मारायची हाय व्हय?" सुंदराबाई म्हणाल्या आणि गवत कापायला बसल्या. त्या काही संतसज्जन नव्हत्या. खोल्या रिकाम्या राहिल्या की घुशी पोखरतात, आणि घुशींपेक्षा माणसं बरी, एवढाच त्यांचा हिशेब होता. पण सत्यशीलाबाईंना तेवढा पुरला.

सामान लागलं. पूर्वा तसबीर हातात घेऊन फळी शोधत होती, तेवढ्यात सुंदराबाई डोकावल्या. म्हणाल्या, "ती हातात का धरून हुबी हायस? टांग की भितीला."

"खिळा मारू?" पूर्वानं आईकडे बघत विचारलं.

"येक का, दोन मार. भित माजी हाय," असं म्हणून सुंदराबाईंनी घरातून हातोडा आणून दिला.

दशरथरावांनी खिळा मारला. तसबीर टांगली आणि हात मागे घेतला, तरी पूर्वाचा हात पुढे तसाच होता. सत्यशीलाबाई चहा टाकायला म्हणून आत गेल्या आणि चुलीशी पाठमोऱ्या उभ्या राहून पोटभर रडल्या. बाहेर येऊन त्यांनी जाहीर केलं, की आता कोणी मारून टाकलं तरी या जागेबद्दल चकार शब्द काढणार नाही. दशरथरावांनी ट्रंकेकडे पाहिलं आणि ती पलंगाखाली सरकवली. "वर्षभर जाऊ दे," ते म्हणाले.

ऑफिसात रावसाहेब वाटच बघत होते. निवृत्ती जवळ आली होती आणि खराडीचा प्लॉट भरपूर फळला होता. "मग बाई, यंदा कुठं? आपण पाय ठेवाल तिथं सोनं उगवतं. आम्हाला गुंठाभर तरी उगवू द्या."

गप्प बसणं सत्यशीलाबाईंना जमणं शक्य नव्हतं. पण खोटं बोलणं जमतंय, हे त्यांना त्या दिवशी प्रथमच कळलं. "मांजरीकडे आहो जी," त्या सुस्कारा टाकून म्हणाल्या, "पण तुम्हाला कसं सांगू? उसात बिबट्या आहे."

नावाची सत्यशीला, पण एकदा सुटल्यावर बाईंनी हात आखडता घेतला नाही. सोमवारी बिबट्यानं कोंबडी नेली. बुधवारी तो नळापाशी पाणी पिऊन गेला, आणि बादलीला तोंड लावलं नाही, एवढा शहाणा. शुक्रवारी त्यानं म्हशीकडे नुसतं पाहिलं, तर तिचं दूध आटलं. डबा खाणारे घास हातात धरून ऐकायचे. पुढं कचरू एकेक गिऱ्हाईक मांजरीला आणायला लागला, तसं त्यांनी त्यालाही बाजूला घेऊन सांगितलं, "भाऊ, जपून. परत जाताना उसाच्या कडेनं जाऊ नको." घरी येऊन त्या समाधानानं तसबिरीकडे बघायच्या. खिळा पक्का होता.

पावसाळा सरता सरता सुंदराबाई त्यांच्या दारात येऊन बसल्या. चेहरा उतरलेला. त्यांच्या मुलानं, संजयनं, घरामागे नव्या चार खोल्या बांधल्या होत्या. नदीपलीकडे खराडीत एवढ्या कंपन्या, पोरंपोरी राहायला येतील असा त्याचा अंदाज. पण एकही खोली भरत नव्हती.

"फाटकापत्तोर येत्यात," सुंदराबाई म्हणाल्या, "आन् इचारत्यात, आजी, वाघ हाय का? म्या न्हाय म्हनलं तर माज्याच तोंडाकडं बगत्यात. संज्या म्हनतोय, रिकाम्या खोल्या बगत बसन्यापरीस जागा बिल्डरला दिऊन टाकू. दसऱ्यापत्तोर भरल्या तर भरल्या. न्हायतर तो सही करनार."

सत्यशीलाबाईंचं जनावर त्यांच्याच दारात येऊन बसलं होतं. आत पूर्वा दहावीचा अभ्यास करत होती. तिनं पुस्तकातून मान वर न करता विचारलं, "आई, मग खिळा काढायचा का?"

सत्यशीलाबाईंनी उठून खिळा हलवून पाहिला. तो पक्काच होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसात सांगून टाकलं, की बिबट्या पकडला, पिंजऱ्यात घालून नेला. रावसाहेबांनी ताकाचा घोट घेतला. "असं? पेपरात काही आलं नाही. म्हणजे मादी पकडली असणार. आता नर चिडणार."

"नाही जी, एकच होता."

"आपण मोजलेत?" रावसाहेब म्हणाले, आणि विषय संपला.

कचरूकडे गेल्या तर तिथं आणखीनच पंचाईत. "पकडला?" तो म्हणाला. "मंग परवा नाल्यापाशी मला दिसला तो कोन हुता?"

"तुला दिसला?"

"म्हंजी काय! ह्यो येवढा. डोळं लालभडक." त्यानं हात पसरून दाखवले. बिबट्या निघाल्यापासून तो मांजरीला हाफ रिटर्न घेत होता, तेव्हा बिबट्या मरणं त्याला परवडण्यासारखं नव्हतं.

खोटं बोलणं सोपं, पण पाळलेलं खोटं सोडून देणं भलतंच अवघड, हे बाईंना कळून चुकलं. रविवारी त्या विहारात वंदनेला गेल्या, पण चित्त कुठं ठिकाणावर होतं? वंदना संपल्यावर बायकांच्या घोळक्यात एक अनोळखी मुलगी बोलत होती. कल्याणी तिचं नाव, चंद्रपूरची, खराडीतल्या एका कंपनीत नुकतीच लागलेली. "फ्लॅट आवडला, डिपॉझिटचं बोलणं झालं, सगळं ओके. मग अंकलनी सरनेम विचारलं. आणि नेक्स्ट डे म्हणे, त्यांचा पुतण्या येतोय."

सत्यशीलाबाईंना हसू आवरेना. मुलगी दुखावली. "सॉरी, यात फनी काय आहे?"

"बाई ग, त्या पुतण्याला मी तुझ्या जन्मापासून ओळखते," त्या म्हणाल्या. काचेच्या इमारती आल्या, फोन खिशात मावायला लागले, आणि हा मेला पुतण्या अजून येतोच आहे. जुना राग तसाच्या तसा वर आला. त्यांनी कल्याणीचा हात धरला. "खोली आहे. चांगली आहे. पण लोक म्हणतात तिथं बिबट्या आहे, आणि त्याचं खरं असं की..."

"काकू, बिबट्या सरनेम विचारतो?"

"नाही."

"त्याला नॉनव्हेज चालतं?"

"त्याला तर तेच चालतं!"

"मग शिफ्ट कधी होऊ?"

विहाराच्या पायरीवर बसून दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. आणि हसता हसताच सत्यशीलाबाईंना वाट सापडली. ज्यांना शहरात सगळीकडून हाकललंय, त्यांना एका बिबट्याचं काय भय? त्या पुन्हा बोलायला लागल्या, पण या वेळी माणसं निवडून. एकटा राहतो म्हणून कोणी दारात उभं करत नव्हतं असा एक बिहारी मुलगा आला. घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलेलं एक जोडपं आलं, त्यातली ती सलमा आणि तो पाटील, म्हणजे दोन्ही बाजूंच्या मालकांची पंचाईत. लहान मुलाला घेऊन एकटी राहणारी एक नर्स आली. प्रत्येकाला सत्यशीलाबाई बिबट्या खोटा आहे हे सांगत, आणि पाठोपाठ बजावत, की हे बाहेर बोलायचं नाही. नव्या भाडेकरूंनीही आपापल्या ऑफिसात बिबट्याला चांगलं खाऊपिऊ घातलं. कल्याणीनं तर त्याला दोन पिल्लंही दिली.

दसऱ्याच्या आधी चारही खोल्यांत दिवे लागले. तरी सत्यशीलाबाईंच्या जिवाला चैन नव्हतं. सुंदराबाईंचं नुकसान आपण केलं, हे त्यांना डाचत होतं. दसऱ्याला सकाळी वंदना झाल्यावर त्या खिरीची वाटी घेऊन सगळं सांगून टाकायला निघाल्या. पण अंगणात पांढरी गाडी उभी होती. संजयनं बिल्डरच्या माणसाला आधीच वेळ देऊन ठेवली होती. गॉगल डोक्यावर चढवून तो माणूस खाटेवर बसला होता.

"आमचे शेठ म्हणतात, खोल्या भरल्या असल्या तरी विचार करा," तो म्हणत होता. "तशी ही जागा धोक्याचीच. बिबट्याचं ऐकलं आम्ही. खरंय ना, आजी?"

सत्यशीलाबाई वाटी धरून जागच्या जागी थिजल्या. सुंदराबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग पाहुण्याकडे वळल्या.

"हाय तर," त्या शांतपणे म्हणाल्या. "लई दिस झालं. आमच्याकडंच भाड्यानं ऱ्हातोय."

"भाड्यानं?"

"व्हय. पानी सकाळचं भरतोय, भाडं येळंवर देतोय. आन् भितीला खिळा मारून बसलाय. आता तो हालतोय व्हय?"

बिल्डरच्या माणसानं आधी म्हातारीकडे, मग संजयकडे पाहिलं आणि गॉगल डोळ्यांवर ओढला. संजय जमिनीकडे बघत म्हणाला, "आई न्हाय म्हनतीय म्हंजी न्हाय. खोल्या तर भरल्यात." गाडी धूळ उडवत निघून गेली.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" सत्यशीलाबाईंनी वाटी पुढे करत विचारलं.

"पयल्यापासनं. कचरूनं सांगितलं, टेलिफोनवाल्या बाई म्हनत्यात. लई राग आल्ता. मंग म्हनलं, जिनं घान केलीय तीच साफ करंल." सुंदराबाईंनी वाटी घेतली, बोट बुडवून खीर चाखली. "साकर कमी हाय."

दुपारी दशरथरावांनी पलंगाखालून ट्रंक ओढून काढली. वर्ष अजून भरलं नव्हतं. आत चंदननगरच्या खिडकीसाठी हौसेनं शिवून घेतलेले पडदे होते, डांबरगोळ्यांच्या वासासकट. पूर्वानं ते खिडकीला लावून पाहिले. हातभर तोकडे पडत होते.

"कापड जोडून घेऊ," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "घाई कुठं आहे?"